जाळी काढली, पण का?

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेसशॉपच्या मालकांचं पत्र आहे. वय ३६. शॉप वडिलांनी उभं केलं, गेली सहा वर्षं हे बघतात. अकरा पॉवर प्रेस (पत्र्यावर ठोका मारून तो कापणारी, वाकवणारी यंत्रं), पटावर चौदा माणसं, ठेकेदाराची बारा. गाड्यांचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनतात. तीन आठवड्यांपूर्वी, बारा तासांची शिफ्ट संपत आलेली असताना, संध्याकाळी पावणेसातला ५० टनी प्रेसवर ठेकेदाराच्या बावीस वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तर्जनी आणि मधलं, दोन्हींचं एकेक पेर. प्रेसची जाळी, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेला आडोसा, त्या वेळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ते लिहितात: “ऑडिटसाठी का होईना, मी सगळ्या प्रेसना जाळ्या बसवल्या. चार ॲलन बोल्टवर पक्क्या, पिवळा रंग मारून. त्यामुळे तासाला ४५० चे ३८० पीस झाले, तेही मी चालवून घेतलं. तरी यांनी जाळी काढलीच. प्रेस लावून देणाऱ्या सेटरला घरी बसवलं तर बाकीच्यांना धडा मिळेल असं वाटतं. वडील म्हणतात, प्रेसशॉपमध्ये बोट जायचंच. त्यांचं स्वतःचं एक बोट अर्धं आहे. एकाने अकराही प्रेसना सेन्सर लावायचं कोटेशन दिलंय. कर्ज काढून लावू का? त्या मुलाची ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, नोंद ठेकेदाराने अपघातानंतर धावपळ करून केली. मी अजून त्याला भेटायला गेलेलो नाही. काय बोलायचं तेच सुचत नाही.”

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात ‘जाळी काढली’ हे शब्द मी सहा वेळा मोजले. ‘का काढली’ हे एकदाही नाही.

आधी एक कबुली. मी बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि जाळ्या काढणाऱ्यांत मीही होतो. नवीन डायची (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याची) ट्रायल घेताना जाळी सोडवायची, दोन-चार ठोके मारून बघायचे, परत डाय खोलायची, परत ठोके. दिवसभरात सात-आठ वेळा चार-चार बोल्ट कोण खोलणार आणि आवळणार? पहिल्यांदा सोडवलेली जाळी मग तशीच पडून राहायची. मी बेफिकीर नव्हतो. मला घाई होती, आणि त्या जाळीचा माझ्या कामाशी काही संबंधच जुळत नव्हता. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, त्यात माझी हुशारी काही नाही.

म्हणून तुमच्या जाळीकडे मी आधी कामगाराच्या बाजूने बघतो. ब्लँक (कापलेला सुटा पत्रा) अडकला, स्क्रॅपचा तुकडा डायमध्ये राहिला, की ॲलन की शोधा, चार बोल्ट खोला, तुकडा काढा, परत आवळा. एका शिफ्टमध्ये असं किती वेळा होतं, तुम्ही कधी मोजलंय? दुसरं, पिवळा रंग. पिवळ्या जाळीवर ट्यूबलाइटचा उजेड पडला की डोळ्यांपुढे नुसती जाळीच दिसते, आतला पंच (डायचा वरून येणारा भाग) दिसत नाही. चौकट पिवळी ठेवा आणि जाळी काळी, बिनचमकीची रंगवा. नजर आरपार जाते. एक डबा रंगाचं काम आहे, पण ज्याला दिवसभर त्यातून बघायचंय त्याला हा फरक फार मोठा.

आणि तिसरं, जे तुम्ही पत्रात ओझरतं लिहून पुढे गेलात. ४०० च्या वर पीस गेले की इन्सेंटिव्ह. जाळी लावून ३८० निघतात. म्हणजे तुमच्या शॉपमध्ये जाळी लावून काम करणाऱ्याला रोज दंड होतो आणि काढणाऱ्याला बक्षीस मिळतं. बोर्ड हिंदीत लावा, मराठीत लावा, पगाराच्या पाकिटाने दिलेली सूचना कामगार आधी ऐकतो. तुम्ही ३८० चालवून घेतले असं म्हणता. तुम्ही घेतले असतील, पण ठेकेदाराने घेतले का? त्याला तुम्ही पैसे नगावर देता की हजेरीवर?

या गुरुवारी, लाइट नसेल तर शुक्रवारी सकाळी, एक करा. त्याच प्रेसवर, त्याच जॉबला, जाळी लावून तुम्ही स्वतः दोन तास बसा. समोर घड्याळ, बाजूला काउंटर. सेटरला शेजारी उभं करा आणि त्याला बोलू द्या. जाळी नेमकी कुठे नडते ते तुमच्या मनगटाला अर्ध्या तासात कळेल. मग हातात खडू घ्या आणि जिथे नडली तिथे खुणा करा. जाळीचं नवं ड्रॉइंग तिथून सुरू होईल.

आता सेटर. त्याला काढलं तर धडा मिळेल हे खरं, फक्त तुम्हाला हवा तो नाही. तुमची चाहूल लागली की जाळ्या जागेवर येतील, तुम्ही ऑफिसात गेलात की परत भिंतीला लागतील. शिवाय एक गोष्ट सेटरलाच माहीत असते, आणि ती तुम्हाला हवी आहे. ते प्रेस गेल्या दोन महिन्यांत कधी डबल मारलं होतं का? म्हणजे पेडल एकदा दाबलं आणि ठोके दोन पडले, असं? जुन्या प्रेसला क्लचची की (फिरत्या चाकाला प्रेसशी जोडणारी खीळ) झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेकचा पट्टा ढिला पडला की ते डबल मारतं. तसं झालं असेल तर मुलाने पाय उचललेलाच होता, हात माल काढायला आत गेला होता, आणि रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) न बोलावता खाली आला. मग तुम्ही जाळीचा खटला चालवत बसाल आणि दोषी असेल सात-आठशे रुपयांची स्प्रिंग. घरी बसवलेला सेटर तुम्हाला हे कशाला सांगेल?

कायद्याचं म्हणाल तर कामगारावरही जबाबदारी आहेच. दिलेल्या सुरक्षा साधनाशी जाणूनबुजून खेळ करायचा नाही, असं १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम १११ मध्ये स्पष्ट होतं. पण त्याच कायद्याचं कलम २१ एकदा सावकाश वाचा. तिथे नुसतं ‘आडोसा बसवा’ म्हटलेलं नाही. यंत्राचा भाग चालू असेपर्यंत तो आडोसा जागेवर राहिला पाहिजे आणि सुस्थितीत राहिला पाहिजे, असं म्हटलंय. जागेवर ठेवण्याचं काम मालकाचं. २०२५ च्या नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले, तरी हे ओझं तुमच्या खांद्यावरून उतरलेलं नाही. आणि ‘पटावर चौदाच आहेत, कायदा आपल्याला लागत नाही’ या हिशोबात राहू नका. ठेकेदाराचे बारा धरून तुमच्याकडे सव्वीस माणसं काम करतात.

कोटेशनवर मात्र सही करू नका, थांबा. तुमचे अकरापैकी किती प्रेस की-क्लचचे आहेत? ओळखायचं कसं, तर डाय रिकामी ठेवून, सगळ्यांना बाजूला करून ठोका सोडा आणि अर्ध्यावर थांबवून बघा. हवेवर चालणारा फ्रिक्शन क्लच असेल तर बटण सोडताच रॅम थांबतो. की-क्लच असेल तर एकदा की बसली की बसली, फेरा पुरा झाल्याशिवाय ब्रह्मदेव आला तरी ते थांबत नाही. तुमचे प्रेस वडिलांच्या वेळचे आहेत, पेडलवर चालतात असं लिहिलंय, म्हणजे बरेचसे की-क्लचचेच असणार. अशा प्रेसला प्रकाशाचा पडदा, म्हणजे तुमच्या भाषेत सेन्सर, लावून काडीचा उपयोग नाही. हात आत आला हे सेन्सरला बरोबर कळेल, दिवाही लागेल, आणि रॅम खाली येईलच. ज्याने अकराही प्रेसना सेन्सर सुचवला त्याने प्रेस बघितले नाहीत, किंवा बघून गप्प राहिला.

‘मग दोन हातांची बटणं लावू’ असं कुणीतरी सांगेल. त्याचंही गणित मांडून बघा. मिनिटाला ६० ठोक्यांचं प्रेस म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद. क्लचला एकच खाच असेल आणि ती नुकतीच पुढे सरकली असेल, तर बटण दाबल्यावर की बसायला जवळजवळ पूर्ण फेरा जातो, वर रॅम खाली यायला अर्धा फेरा. झाला दीड सेकंद. माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर जातो असं सुरक्षेच्या हिशोबात धरतात. दीड सेकंदात २.४ मीटर. एवढ्या लांब बटणं ठेवणार कुठे, शेजारच्या गाळ्यात? हवेच्या प्रेसला दोन बटणं जरूर लावा, तीही अशी की दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतील आणि पुढच्या ठोक्याआधी दोन्ही सोडावी लागतील. नाहीतर एका बटणात आगकाडी खोचलेली असते आणि दुसऱ्यावर अंगठा. त्या प्रेसना सेन्सर लावाल तेव्हाही प्रेस थांबायला किती वेळ घेतं ते आधी मोजून घ्या. ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून निदान ३२ सेंटीमीटर लांब हवा, आणि त्याच्या खालून-बाजूने हात घालायला फट नको.

की-क्लचला काय करायचं? पैशाच्या आधी डोकं खर्च करायचं. पहिला प्रश्न हा की हात डायमध्ये जातोच कशाला. पत्र्याच्या पट्टीवरून ब्लँकिंग (सुटे तुकडे कापणं) होत असेल तर हात आत जायचं कारणच नाही. पट्टी जाईल एवढीच फट ठेवून बाकी सगळं कायमचं बंद करा. ६ मिलिमीटरच्या फटीत बोट जात नाही. दुसऱ्या ऑपरेशनला, जिथे सुटा ब्लँक ठेवावा लागतो, तिथे सरकती सीट करा. ड्रॉवरसारखी बाहेर ओढायची, पीस ठेवायचा, आत ढकलायची. पीस बाहेर काढायला हवेचा झोत किंवा उतरती घसरण. तुमच्या डाया बनवणाऱ्याला हे सगळं येतं, आजवर कुणी मागितलं नाही म्हणून त्याने दिलं नाही. माझा अनुभव असा की सरकती सीट नीट जमली तर वेगही फारसा जात नाही, कारण पोराचा निम्मा वेळ डायमध्ये ब्लँक चाचपत बसवण्यात जात असतो.

जिथे हे जमत नाही तिथे गेट. जाळीच, पण बिजागरीवरची किंवा वर-खाली सरकणारी, क्लचशी जोडलेली. गेट उघडं असेल तर पेडल दाबून क्लच लागणार नाही, आणि रॅम पुरता वर येऊन थांबल्याशिवाय गेट उघडणार नाही. दुसरा भाग विसरू नका, डबल ठोक्यापासून तोच वाचवतो. अडकलेला तुकडा काढायला ॲलन की लागत नाही, मग जाळी भिंतीला लावायची गरजही उरत नाही. लिमिट स्विच लावाल तर असा बसवा की गेट उघडल्यावर तो दाबला जाईल. उलटा बसवलात तर चिकटपट्टीचा एक तुकडा तुमची सगळी सुरक्षा गुंडाळून ठेवतो. मी स्वतः पाहिलंय. पारदर्शक पत्रा हवा असेल तर पॉलिकार्बोनेट घ्या, ॲक्रिलिक फुटून तुकडे उडतात.

चिमटा आणि लोहचुंबकाची मूठ ही शेवटची मदत आहे, पहिली नव्हे. पण आजपासून देता येते, म्हणून द्या. मऊ ॲल्युमिनियमचा चिमटा बनवून घ्या, म्हणजे डायखाली सापडला तर चिमटा चेपेल, पंच वाचेल. कामगार चिमटा वापरत नाही तेव्हा बहुतेक वेळा तो त्याच्या हाताला मोठा असतो किंवा त्याने पीस नीट धरला जात नाही. दोन-तीन नमुने करून त्यालाच निवडू द्या. पेडलवर लोखंडी टोपण घाला, वरून ब्रॅकेट पडला तरी ठोका बसू नये. डाय बांधताना मोटर बंद करून फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. मोटर बंद झाली तरी ते चाक बराच वेळ जोर धरून फिरत असतं. रॅमखाली ठोकळा घालायचा. आणि ती बारा तासांची शिफ्ट, तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. पावणेसात ही वेळ तुम्हीच लिहिली आहे.

अकराही प्रेस एका महिन्यात होणार नाहीत हे मलाही कळतं. जिथे रोज हात सगळ्यात जास्त वेळा आत जातो त्या प्रेसपासून सुरू करा, आणि तोवर इन्सेंटिव्हचा आकडा जाळी लावून निघणाऱ्या पिसांवर आणा. हे पहिल्या दिवशी करता येतं. माल घेणाऱ्या कंपनीकडे रेट वाढवून मागायचा असेल तर ड्रॉवरवाल्या डायचा खर्च दाखवून मागा. सुरक्षेच्या ऑडिटला येणाऱ्या माणसाने हा खर्च कुणी भरायचा हे आजवर तुम्हाला विचारलं नसेल, तर आता तुम्ही त्याला विचारा.

वडिलांचं अर्धं बोट. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या पिढीला प्रेस मिळत होतं तेच मोठं होतं. जाळी, सेन्सर हे शब्द त्यांच्या कानावरही नव्हते. ज्याचं बोट गेलं त्याने ‘बोट जायचंच’ असं म्हणणं मला समजतं, नाहीतर ते वाया गेलं असं मानावं लागतं. एकदा त्यांना तो दिवस विचारा. कुठला जॉब होता, पेडलवर पाय कसा होता, घरी कुणी आणि काय सांगितलं. माझा अंदाज असा की डबल ठोक्याची भाषा त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल, आणि गेटच्या ड्रॉइंगवर खडूच्या खुणा करायला तेच पुढे येतील.

प्रेस नसलेल्या वाचकांनी इथे थांबू नये. लेथवर, ड्रिलवर हातमोजे घालू नका; फिरत्या यंत्राला मोजा सापडला की त्यामागे हात जातो. चकची चावी चकमध्ये ठेवून लेथ सुरू करू नका. ग्राइंडरच्या दगडापासून टेकण ३ मिलिमीटरपेक्षा लांब गेलं की जॉब खाली ओढला जातो. आणि गावाकडे कडबाकुट्टी असेल तर तिच्या तोंडाला लांब पन्हाळ आहे का, ते पुढच्या सुट्टीत गेलात की बघा. बोट तुटलंच तर तुटलेला तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवी घट्ट बंद करून मग बर्फावर ठेवायचा. थेट बर्फात किंवा पाण्यात नाही. हा कागद प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा.

आता तो मुलगा. ईएसआयला कामावरच्या इजेसाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नसते, पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो. ठेकेदाराने नोंद केली नाही म्हणून तो हक्क बुडत नाही; न भरलेल्या वर्गणीची जबाबदारी मुख्य मालक म्हणून तुमच्यावर येते. उशिरा केलेल्या नोंदीत मागची तारीख, दुसरंच मशीन, ‘जिन्यावरून पडला’ असलं काही लिहिलं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. अपघात खरा तसा लिहा, ईएसआयकडे आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडेही. कामावर नसताना त्याला पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशोबाने पैसे मिळायला हवेत. पुढे मेडिकल बोर्ड बसेल. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या एका पेराला ९ टक्के, मधल्या बोटाच्या एका पेराला ७ टक्के कमाईची क्षमता गेली असं धरतात, आणि त्या प्रमाणात त्याला आयुष्यभर रक्कम मिळते. बोर्डाच्या तारखेला त्याला एकट्याला पाठवू नका. कागद वाचू शकणारं तुमचं एक माणूस बरोबर द्या.

यात उपकार काही नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पाच मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते. पण जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं पंगुत्व आलं तर पोटापाण्याची सोय, हीही त्या पाचांतली एक होती. ईएसआयचे ९० टक्के आणि पूर्ण पगार यांत जो फरक राहतो तो तुम्ही भरा. परत आल्यावर काम कुठलं करायचं ते त्याला ठरवू द्या. इन्स्पेक्शनला बसव, स्टोअरला घाल असं परस्पर ठरवू नका. काहींना प्रेसकडे बघवत नाही, काहींना तेच काम हवं असतं.

भेटायला उद्याच जा. ठेकेदाराला बरोबर नेऊ नका, त्याच्यासमोर तो बोलणार नाही. त्याची नोकरी जाणार नाही आणि सेटरचीही जाणार नाही, हे बसल्या बसल्या आधी सांगून टाका. चहा होऊ द्या. मग विचारा, त्या दिवशी जाळी कशासाठी काढावी लागली. त्यानंतर तुम्ही गप्प बसा, त्याला वेळ लागेल.